बारा आठवड्यांत हृदयाची ऊर्जा

सोमवार, २ सप्टेंबर २०२४. आखन. संध्याकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. ऑफिसच्या जुन्या लॅबबुकात लिहितोय. वर ‘कूलंट पंप, टेस्ट ७’ असं लेबल आहे, त्यामुळे घरात कुणी उघडणार नाही.

वस्तुस्थिती: वय ५२. वजन ८४ (बूट घालून). जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होतं. अरुंधतीने, म्हणजे बायकोने, हट्टाने डॉक्टरकडे नेलं. त्याने कार्डिओलॉजिस्टकडे पाठवलं. कार्डिओलॉजिस्टने अंगाला वायरी लावून सायकल मारायला लावली आणि म्हणाला, हृदयाची एखादी रक्तवाहिनी अरुंद झालेली दिसते, कॅथेटर घालून आतून बघू. रोजच्या तीन गोळ्या. शिवाय इमर्जन्सीसाठी जिभेखाली मारायचा एक स्प्रे.

कॅथेटरचा टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, १५ ऑक्टोबरला. म्हणजे सहा आठवड्यांनी. जर्मनीत सहा आठवड्यांनी वेळ देतात म्हणजे प्रकरण किरकोळ. गंभीर असतं तर तिथेच झोपवलं असतं. अरुंधतीला हे लॉजिक पटत नाही. ती एचआरमध्ये आहे.

मी सत्तावीस वर्षं इंजिनांचं कूलिंग करतोय. पाणी कुठे अडतं ते शोधणं हेच माझं काम. तेव्हा मला कुणी पाइप शिकवू नयेत. माझ्यात अडलेलं काही नाही, ऊर्जा कमी पडतेय. ते आतून कळतं.

संकल्प: बारा आठवड्यांत घरचा जिना (तिसरा मजला, ५४ पायऱ्या, लिफ्ट नाही) न थांबता चढणे. गोड बंद. चिंता बंद. स्प्रे कायम जवळ, सायकलच्या बॅगेत. सायकल सध्या तळघरात आहे.

बुधवार, ४ सप्टेंबर

आज दुसऱ्या मजल्यावर थांबलो. दमलो म्हणून नव्हे. तिथे भिंतीवर हाउसऑर्डनुंग लावली आहे, म्हणजे बिल्डिंगची नियमावली. अकरा वर्षं इथे राहतोय, एकदाही वाचली नव्हती. लाज वाटली. कलम १ ते ४ वाचली. दुपारी एक ते तीन गालिचे झटकू नयेत.

माझ्या टीममधला रुपेश म्हणाला, त्याच्या बायकोची अर्धशिशी चिनी औषधांनी गेली. चिनी वैद्यकात म्हणे हृदय हा राजा आणि बाकीचे अवयव मंत्री. हे मला लगेच पटलं. राजाला कुणी नळी घालून तपासत नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर. रात्री जेवणाआधी

चिनी वैद्यक करणाऱ्या फ्राऊ ब्रेमेकांपकडे जाऊन आलो. बाई जर्मन, शिक्षण चीनमध्ये. खोलीत सुंठीसारखा वास. एकदम विश्वास बसला.

आधी जीभ बघितली. बराच वेळ. म्हणाली, जिभेवर थर अजिबात नाही, सोलल्यासारखी दिसते, शरीरातला ओलावा आटलाय. ईसीजीला जे कळलं नाही ते हिला एका मिनिटात कळलं! (पाचव्या वर्षापासून मी रोज सकाळी स्टीलच्या जिभलीने जीभ खरवडतो. पण ती स्वच्छता झाली, तिचा आजाराशी काय संबंध?)

मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं. नाडी संथ आणि खोल. हृदयातला अग्नी मंदावलाय. गेनाऊ! अगदी बरोबर! मी हेच म्हणत होतो. (सकाळच्या गोळीच्या कागदावर लिहिलंय की तिने नाडी संथ होते. पण कागदावर काय, काहीही लिहितात.)

फॉर्मवर ‘सध्या चालू औषधे’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. गोळ्या हा दुसऱ्या डॉक्टरचा विषय. एका डिपार्टमेंटचं दुसऱ्याला सांगत बसायचं नाही, ही आमच्या कंपनीतही पद्धत आहे.

तिने अगदी सुरुवातीलाच विचारलं होतं की कार्डिओलॉजिस्टने बघितलंय ना, कारण मी त्याच्या जोडीला आहे, त्याच्याऐवजी नाही. मी सांगितलं, सगळं झालंय. होणार आहे, म्हणजे झाल्यातच जमा.

निदान: हृदयाची ‘ची’ कमी. ‘ची’ म्हणजे जीवनऊर्जा. उपाय: दहा मुळ्यांचा काढा दिवसातून दोनदा. सकाळी गरम नाश्ता. अकरा ते एक ही हृदयाची वेळ, तेव्हा विश्रांती. राग दाबायचा नाही.

काढ्याची चव गोडसर. राजाला शोभेल अशी.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

गरम नाश्ता. चिनी लोक दोन हजार वर्षं खातात ती पाककृती: तांदूळ भरपूर पाण्यात तासभर शिजवायचे, चवीला मीठ. अरुंधतीला नीट समजावून सांगितली. ती म्हणाली, अहो, ही पेज आहे. मी म्हणालो, यामागे अवयवांचं शास्त्र आहे. ती म्हणाली, आमच्या मालवणला ज्याचं पोट बिघडलंय त्याला देतात. मी वाद घातला नाही. नंतर लोणचं मागितलं, तेव्हा हसली.

मंगळवार, १७ सप्टेंबर

राग न दाबण्याचा दिवस. माझा प्रोजेक्ट बॉसने परत पुढे ढकलला. स्पष्ट बोलायचं ठरवून केबिनमध्ये गेलो. त्याने विचारलं, काही अडचण? मी म्हणालो, अजिबात नाही, आनंदाने. बाहेर येऊन प्रिंटरवर ओरडलो. सुरुवात म्हणून ठीक.

अकरा ते एक विश्रांती जमली नाही. रोज सव्वाअकराला स्टँडअप मीटिंग असते. ती बसून केली.

शनिवार, २१ सप्टेंबर

बॉनला व्याख्यान ऐकून आलो. विषय: चिनी वैद्यक, हृदय आणि पेशींची ऊर्जा. सगळा उलगडा झाला. चिनी ज्याला ‘ची’ म्हणतात तेच शास्त्रज्ञांचं एटीपी, पेशीचं इंधन. ते बनतं मायटोकॉन्ड्रियात. म्हणजे प्रत्येक पेशीत शेकडो छोटी पॉवर स्टेशन्स. हृदय दिवसाला सहा किलो एटीपी बनवतं म्हणे. सहा किलो! आमच्याकडे तांदूळ महिन्याला तेवढा लागतो.

बोलणारा माणूस दर पाच मिनिटांनी सांगत होता की हे समांतर चित्र आहे, पुरावा नव्हे. जर्मन माणसाला सवय असते असं मध्येमध्ये बोलायची.

निर्णय: काढा दोनऐवजी चार वेळा. लिनिअर रिलेशन गृहीत धरलंय.

स्टेशनवर जिन्याऐवजी लिफ्ट घेतली. प्लॅटफॉर्म कुठला ते वरून नीट दिसतं का हे बघायचं होतं.

गुरुवार, २६ सप्टेंबर

फ्राऊ ब्रेमेकांपकडे दुसरी खेप. रिसेप्शनवरच्या कागदात होतं की येण्याआधी जीभ घासू नये. म्हणून आठवडाभर जिभली बंद. अरुंधती तीन दिवस तोंड फिरवून झोपतेय. आज बाईने जीभ बघितली, मग जुना कागद काढून परत बघितली. पंधरा दिवसांपूर्वी थर अजिबात नव्हता, आता जाड पिवळा थर. एवढी उष्णता कुठून आली, तिला कळेना. म्हणाली, अशी केस पहिलीच. मला जरा अभिमान वाटला. (काल आणि आज सकाळी हळदीचं दूध घेतलं होतं. ते सांगायला विसरलो. आल्झो, म्हणजे असो, हळद थंड की गरम हे त्यांच्यात वेगळं असेल.)

काढा थोडा बदलला. दोनदाच घ्या, असं दोनदा बजावलं. चारचं सांगितलं नाही, उगाच तिचा ताण वाढेल.

हाउसऑर्डनुंग: कलम १४ पर्यंत पाठ. शेजारची फ्राऊ म्हणाली, नियम इतके मन लावून वाचणारे तुम्ही पहिलेच भाडेकरू. मला बोलायला श्वास नव्हता, म्हणून मान डोलावली.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

सुट्टी. बसने हद्दीपलीकडे हॉलंडमध्ये गेलो, वीस मिनिटं. तिथली काळी लाक्रिट्झ गोळी मिळाली. कुठल्या तरी मुळीची असते. फॅट शून्य टक्के, असं पाकिटावरच छापलंय. गोड बंद असल्यामुळे माणसाला काहीतरी हवंच. सहा पाकिटं घेतली. दोन बसमध्ये संपली.

गुरुवार, १० ऑक्टोबर. दुपारी १२.१० (हृदयाची वेळ)

फोन करून १५ तारखेचा टर्मिन रद्द केला. शांतपणे, पूर्ण विचार करून. काढ्याला बारा आठवडे द्यायचे ठरलेत, मध्येच कॅथेटर घातला तर टेस्टचा डेटा बिघडेल. आमच्याकडे रनिंग टेस्टमध्ये कुणी पंप उघडत नाही.

दिनकरदादाचा, म्हणजे थोरल्या भावाचा, विचार मनात आला नाही. (तोही बावन्न वर्षांचा होता. पुण्यात हॉस्पिटलला जाताना बॅग स्वतः उचलली, रिक्षावाल्याला हात लावू दिला नाही. नळी घालून बघतायत फक्त, परवा येतो, म्हणाला होता. आला नाही.) त्याचा इथे काही संबंध नाही. वेगळं शहर, वेगळी केस, तेरा वर्षं झाली.

अरुंधतीला सांगितलं, हॉस्पिटलनेच पुढे ढकललं. तारीख कळवतील. ती माझ्याकडे बघत राहिली आणि बरं म्हणाली. पटलं असावं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

ऑफिस. दिवसभर छान. दुपारी पार्किंगमध्ये दहा मिनिटं बसावं लागलं, पण हवा ढगाळ होती.

रविवार, २० ऑक्टोबर

अरुंधतीबरोबर लूसबेर्गवर फिरायला. टेकडी छोटीच आहे. सात बाकांवर बसलो. सातही वेळा तीच आधी बसली, गुडघा दुखतो म्हणाली. बिचारीचं वय होतंय. तिला एकदा ऑर्थोपेडिककडे न्यायला हवं. ती बसली की मलाही बसावं लागतं, एकटीला कसं सोडणार? त्यामुळे माझा वेग नेमका किती वाढलाय ते मोजता आलं नाही.

वरून हॉलंड दिसतं, बेल्जियम दिसतं. ती काही बघत नव्हती. माझा हात धरून बसली होती. थंडी होती.

रविवार, २७ ऑक्टोबर

लेक स्वानंदी, वय सतरा, हिची बायॉलॉजीची परीक्षा आहे. विषय नेमका पेशींचं श्वसन! म्हटलं, ये, बाबा समजावतो. ‘ची’, एटीपी, सहा किलो, राजा आणि मंत्री, सगळं सांगितलं. ती नेहमीसारखं मराठी ऐकून जर्मनमध्ये बोलते. म्हणाली, पापा, मायटोकॉन्ड्रियाला ऑक्सिजन लागतो. तो रक्तातून येतो. रक्ताची वाटच अरुंद असेल तर पॉवर स्टेशन कितीही चांगलं असून काय उपयोग? मग तिने माझ्याच वहीत एक पाइप काढला आणि मध्ये चिमटीत धरल्यासारखा बारीक केला. असं चित्र मी वर्षाला चाळीस तरी काढतो.

मग विचारलं, तुझा कॅथेटर कधी आहे? मी म्हणालो, तुझं मराठी सुधारायला हवं. ती उठून गेली. दार जरा जोरात लागलं. रागाच्या बाबतीत तिला मार्गदर्शनाची गरज नाही.

शुक्रवार, १ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

बेसनाचे लाडू आले, चकल्या आल्या. मी एकाही लाडवाला हात लावला नाही! केवळ लाक्रिट्झ (परवा हॉलंडहून आणखी आणली), पाऊण पाकीट. सगळे बघतच राहिले.

मालवणहून सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, पद्माकरराव, आवाज बसलाय तुमचा, मी पाठवलेली ज्येष्ठमधाची पूड घ्या मधातून, तीन वेळा. घेतली. थोरांचं ऐकतो मी.

घरच्या मशीनवर बीपी १७२. मशीन जुनं आहे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

नवीन मशीन आणलं. १८४. म्हणजे जुनं बरोबर होतं, निदान जवळपास. टॉलरन्स धरून दोन्हींची सरासरी काढली, १७८. सरासरी काढली की आकडा जरा माणसात येतो.

घोट्यांवर मोज्यांचे वळ. इथले मोजे घट्टच असतात. हातापायांत जोर नाही, काल बाटलीचं झाकण उघडेना, स्वानंदीने उघडलं. ऊर्जा हातापायांतून हृदयाकडे गोळा होत असणार. राजाकडे आधी जायला हवी, बरोबरच आहे.

हाउसऑर्डनुंग संपली. खाली सही करणारे मालक १९९८ चे आहेत. आता पहिल्या मजल्यावर थांबून नळाच्या मीटरची नोटीस वाचतो.

स्प्रे तळघरातून आणायचा विचार केला. पण तळघर म्हणजे खाली जाऊन परत वर येणं आलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

आज अकरा वाजून अकरा मिनिटांनी मार्केटमध्ये कार्निव्हलची सुरुवात. रुपेश म्हणाला, चला. म्हटलं, ही तर हृदयाचीच वेळ, जाऊ या. टाउनहॉलपाशी चढ आहे. आजूबाजूला विदूषक, बँड, एक माणूस मधमाशी झालेला. छातीत जो हत्ती बसला तो

मंगळवार, १२ नोव्हेंबर. हॉस्पिटल. दुपारी

कालचं वाक्य काल रात्री इथेच लिहायला घेतलं होतं (वही ऑफिसच्या बॅगेत होती), पूर्ण झालं नाही. पेन उचलायलाही दमायला होतं. हत्ती बसला आणि मी मार्केटच्या दगडी फरशीवर बसलो, एवढंच. मधमाशीच्या वेषातला माणूस सुट्टीवरचा पॅरामेडिक निघाला. त्याने पंख काढून माझ्या डोक्याखाली ठेवले. ॲम्ब्युलन्समध्ये विचारलं, स्प्रे आहे का? म्हटलं, आहे. कुठे? तळघरात, सायकलच्या बॅगेत. कुणी हसलं नाही.

ॲटॅक नाही म्हणतात. अजून नाही. बीपी २०१, हृदयाचे ठोके वेडेवाकडे, रक्तातलं पोटॅशियम तळाला. कॅथेटर लगेच घालता येत नाही, आधी पोटॅशियम भरायचं. मनगटातून थेंबथेंब जातंय, हात जळतो.

बुधवार, १३ नोव्हेंबर

तरुण डॉक्टरीणबाई आली. पोटॅशियम का उतरलं, तिला कळेना. काय काय खाता, विचारलं. मी म्हणालो, विशेष काही नाही. अरुंधतीने पिशवी पलंगावर रिकामी केली. काढ्याचा डबा. सासूबाईंची बरणी. लाक्रिट्झची रिकामी पाकिटं, अकरा. (कपाटाच्या मागे ठेवली होती. तिला कशी सापडली?) डॉक्टरीणबाईने डब्यावरची लॅटिन नावं वाचली, बरणी हुंगली, पाकीट उलटं केलं. म्हणाली, तिन्हींत एकच मुळी आहे. चीनची, भारताची आणि हॉलंडची. ज्येष्ठमध. ती अति झाली की बीपी चढतं आणि पोटॅशियम वाहून जातं. मग विचारलं, काढा किती वेळा? मी म्हणालो, दोनदा. अरुंधती म्हणाली, चारदा.

तिने मी घेत असलेलं सगळं लिहून घेतलं, पान भरलं. उलटून मागच्या बाजूला लिहावं लागलं.

फ्राऊ ब्रेमेकांपचा फोन आला. डॉक्टरीणबाईनेच कळवलं होतं. बाई भयंकर चिडली. फॉर्मवर ‘नाही’ कसं लिहिलंत, तुमच्या नाडीवर मी इतके आठवडे गोळीचं निदान करत होते, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. राग अजिबात दाबला नाही. मी सॉरी म्हणालो. सात वेळा.

सुधारित संकल्प: १. ज्येष्ठमध बंद. २. पोटॅशियमसाठी केळी. ३. एकदा बीपी उतरलं की कॅथेटर खरंच लागेल का याचा नव्याने, शांतपणे विचार.

गुरुवार, १४ नोव्हेंबर. दुपारी ४

पोटॅशियम भरलं. उद्या कॅथेटर. संमतीचा फॉर्म नऊ पानांचा. मी डॉक्टरीणबाईला म्हणालो, अजून दोन आठवडे थांबलो तर? तिने अरुंधतीकडे बघितलं आणि पाच मिनिटांत येते म्हणून बाहेर गेली.

अरुंधतीने पर्समधून एक पाकीट काढलं. हॉस्पिटलचं पत्र, तारीख ११ ऑक्टोबर. आपल्या विनंतीवरून आपला टर्मिन रद्द केल्याची पुष्टी. या देशात रद्द केल्याचंही पत्र येतं, ते घरी येतं, आणि माझ्या आधी ती घरी येते. सत्तावीस वर्षांत हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

म्हणजे महिनाभर तिला माहीत होतं. म्हणाली, रोज वाटायचं, आज सांगाल. जेवताना वाट बघायचे. मग मीच परत फोन केला, १९ नोव्हेंबर मिळवली, आणि तुम्हाला सांगितली नाही, कारण तीही रद्द केली असतीत. स्वानंदीलाही सांगितलं नव्हतं, पण तिने पत्र वाचलं. परीक्षेच्या आदल्या रात्री रडत होती. दोघींनी मिळून ठरवलं की तुमच्यावर ओरडायचं नाही, छातीवर ताण येईल.

मी तिला कारणं सांगायला लागलो. टेस्टचा डेटा, बारा आठवडे, लॉजिक. ती म्हणाली, अहो, पुरे. खरं सांगा.

तर मी खरं सांगितलं. मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. कार्डिओलॉजिस्टने कॅथेटर शब्द उच्चारला तेव्हा मी त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो, पुढचं काही ऐकलंच नाही. तू विचारलंस तेव्हा जे सांगितलं ते सगळं मी बनवलेलं होतं. हे बोलताना मी रडलो. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला, आमची सोय म्हणून.

ती रडली नाही. फॉर्म हातात दिला, सही कुठे ते बोटाने दाखवलं. पहिली सही रेषेच्या बाहेर गेली. तिने माझं मनगट धरलं, दुसरी आत बसली.

उद्या सकाळी साडेसातला नेणार. मध्यरात्रीनंतर पाणीसुद्धा नाही. अरुंधती सहाला येते म्हणाली, स्वानंदी शाळा बुडवून येणार आहे. मी नको म्हणालो नाही. संकल्प काही केलेला नाही.